दिवा घेतलेली बाई कोणाची? कलेच्या अभ्यासासाठी चित्रं ऑनलाइन कशी शोधायची

दिवाळी जवळ आली की एक चित्र फोनवर हमखास येतं. एक तरुणी, एका हातात पेटता दिवा, ज्योतीपुढे आडोशाला धरलेला दुसरा हात आणि बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड. खाली शुभेच्छा, आणि बऱ्याचदा चित्रकाराचं नावही: राजा रविवर्मा.

चित्र रविवर्म्याचं नाही. ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे. ‘ग्लो ऑफ होप’ नावाने ओळखलं जाणारं हे चित्र जलरंगातलं आहे आणि म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात लावलेलं आहे. दिवा घेऊन उभी असलेली तरुणी ही हळदणकरांचीच मुलगी. रविवर्मा १९०६ साली वारले, हे चित्र १९४०च्या दशकातलं आहे. म्हणजे नुसतं सालाकडे पाहिलं असतं तरी चूक लक्षात आली असती. पण फिरणाऱ्या चित्रावर साल नसतं, आणि सर्च इंजिनला खरंखोटं कळत नाही. एखादं नाव एखाद्या चित्राशेजारी किती ठिकाणी लिहिलंय, एवढंच त्याला कळतं. हजार जणांनी चूक लिहिली की तीच वर येते, आणि वर आली म्हणून आणखी हजार जण ती उचलतात.

कला शिकणारी मुलं, दिवाळी अंकासाठी लिहिणारे, शाळेतले चित्रकलेचे शिक्षक यांना चित्रं शोधायला मदत करताना मला सगळ्यात जास्त समजवावं लागतं ते हेच. इंटरनेटवर चित्रं खोऱ्याने मिळतात. कमी पडते ती चित्राची नोंद. चित्र कोणाचं, कधीचं, कशावर आणि कशाने काढलंय, लांबी-रुंदी किती, आज कुठे आहे, तिथे त्याचा नंबर काय आणि समोर दिसतोय तो फोटो कोणी, कधी काढला. एवढं कळलं तर ते चित्र अभ्यासाला उपयोगी. नाहीतर ते नुसतं सुंदर आहे.

म्हणून शोधाची सुरुवात चित्रांच्या ढिगाऱ्यापासून करू नये, नोंदींपासून करावी. या नोंदी असतात संग्रहालयांच्या, ग्रंथालयांच्या आणि अभिलेखागारांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये. बहुतेक फुकट असतात, घरबसल्या बघता येतात, आणि तरी आपल्याकडे फार थोडे जण तिथे जातात. यातलं काय कसं वापरायचं ते एका ओळखीच्या चित्रावरून दाखवतो.

पद्मपाणीचे दहा रंग

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या बाजूला, हातात निळं कमळ घेतलेला पद्मपाणी बोधिसत्त्व आहे. त्याचं नाव टाकून चित्रं शोधा. पहिल्या पानावरच एकात तो पिवळसर तपकिरी दिसेल, दुसऱ्यात भगवा, तिसऱ्यात फिका गुलाबी, चौथ्यात मागचा हिरवा इतका गडद की काल रंगवल्यासारखा. यातला खरा कोणता?

प्रश्नच जरा बदलायला हवा. यातला प्रत्येक फोटो कशाचा आहे आणि कधीचा, हे आधी विचारायचं. कारण ती भिंतच गेल्या दोनशे वर्षांत बदलत आली आहे. १८१९ साली इंग्रज शिकाऱ्यांची टोळी वाघूर नदीच्या त्या वळणावर पोहोचली आणि लेण्यांचा बोलबाला झाला. तेव्हापासून पाणी, वटवाघळं, हौशी पर्यटक आणि चित्रं ‘वाचवायला’ आलेली माणसं या सगळ्यांनी आपापल्या खुणा तिथे सोडल्या. १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या राज्याने दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटत चाललेले पापुद्रे चिकटवले, पण वरून लाखेचा थरही दिला. त्याआधी नकला करणाऱ्यांनीही चित्रं नीट दिसावीत म्हणून व्हार्निश लावलं होतं. लाख आणि व्हार्निश काळाबरोबर पिवळी पडतात. तेव्हा एखाद्या फोटोतला पिवळेपणा अजिंठ्याच्या चित्रकाराने दिलेला असेलच असं नाही. तो विसाव्या शतकातला असू शकतो, किंवा फोटो काढताना वापरलेल्या दिव्याचा, किंवा नंतर कोणी मोबाइलवर वाढवलेल्या रंगाचा.

आणि कधीकधी तो फोटो मुळात भिंतीचा नसतोच, नकलेचा असतो.

या नकलांची गोष्ट मला फार जवळची वाटते. १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल यांना ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या चित्रांच्या तैलरंगातल्या नकला करायला नेमलं. कितीतरी वर्षं त्यांनी तिथे काढली. त्यांच्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेल्या होत्या आणि १८६६च्या आगीत जळून गेल्या. गिल पुढे १८७९ साली वारले, त्यांची कबर भुसावळला आहे. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा तेच काम केलं. तीनशेच्या आसपास नकला झाल्या आणि लंडनला गेल्या. १८८५ साली तिथल्या संग्रहालयातही आग लागली आणि त्यातल्या शंभराहून जास्त गेल्या. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत.

तिथल्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये ‘ग्रिफिथ्स’ आणि ‘अजंता’ हे दोन शब्द इंग्रजीत टाकले की या नकला एकामागून एक समोर येतात. शीर्षकं अगदी रुक्ष असतात: अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्राची नकल, लेणं अमुक. पण एकेक नोंद उघडून सावकाश वाचा. कॅनव्हासवर तैलरंग, मोजमाप, नंबर, आणि काही ठिकाणी प्रत्यक्ष नकल करणाऱ्या विद्यार्थ्याचं नावसुद्धा. पेस्तनजी बोमनजी हे त्या चमूतलं एक नाव, पुढे ते व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपाला आले. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईहून निघून, लेण्याच्या अंधारात मोसमच्या मोसम उभं राहून काम केलेल्या या मुलांची नावं मला कॅटलॉगच्या त्या एका ओळीत भेटली. गूगलच्या चित्रांत ती कधीच दिसली नव्हती.

या नकलांचा अभ्यासाला उपयोग काय? भिंतीवरचा जो भाग नंतर पडला, तो नकलेत शिल्लक असतो. उलट, नकल करणारा हात त्याच्या शाळेत शिकलेली छायाप्रकाशाची पद्धत नकळत आत आणतो, त्यामुळे नकलेतला गोलवा मूळ चित्रात असतोच असं नाही. म्हणून एकाच चित्राच्या निरनिराळ्या काळातल्या प्रतिमा शेजारी ठेवायच्या. ग्रिफिथ्सच्या अजिंठ्यावरच्या पुस्तकाचे दोन खंड १८९६-९७ साली छापले गेले. इंग्लंडच्या चित्रकार लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११ दरम्यान अजिंठ्याला आल्या, तेव्हा नकला करायला नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा हे तरुण चित्रकार त्यांच्याबरोबर होते, आणि त्या नकलांचं पुस्तक १९१५ साली आलं. गुलाम याझदानी यांनी निजाम सरकारसाठी केलेल्या अजिंठ्यावरच्या ग्रंथाचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात निघाले, आणि त्यात फोटोग्राफी आहे. अशी जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्ह या फुकट ऑनलाइन ग्रंथालयात स्कॅन करून ठेवलेली असतात.

इथे एक अडचण येते, ती आधीच माहीत असलेली बरी. भारतीय ग्रंथालयांतली जुनी पुस्तकं डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात मोठ्या प्रमाणावर स्कॅन झाली आणि पुढे इंटरनेट अर्काइव्हवर आली. हे स्कॅन मजकूर वाचता यावा म्हणून केलेले, बरेचसे निव्वळ काळ्या-पांढऱ्यात. त्यामुळे रंगीत चित्राच्या जागी शाईचा डाग दिसतो. विद्यार्थी निराश होऊन सोडून देतात. सोडू नका. त्याच पुस्तकाची दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयाने स्कॅन केलेली प्रत शोधा. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या विद्यापीठाने केलेल्या स्कॅनमध्ये तेच पान रंगीत आणि स्वच्छ मिळण्याची शक्यता चांगली असते. आणि मराठी पुस्तक शोधत असाल तर लक्षात ठेवा, या जुन्या स्कॅनची नावं रोमन लिपीत, टंकणाऱ्याच्या कानाला जशी ऐकू आली तशी घातलेली असतात. ‘चित्रकला’ शब्द तीन-चार तऱ्हांनी लिहून बघावा लागतो.

कॅटलॉग लिहिणाऱ्याचा शब्द

शोध फसतो तो बहुतेक वेळा शब्दावर. चित्र तिथे असतं, पण नोंद करणाऱ्याने ते वेगळ्याच नावाने ठेवलेलं असतं.

अजिंठ्याचंच घ्या. इंग्रजीत आपण आज ‘ए-जे-ए-एन-टी-ए’ लिहितो, पण एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत तिसरं अक्षर अनेकदा ‘यू’ असतं. पुण्याचं पूना, ठाण्याचं टाना, सातारच्या स्पेलिंगमध्ये दोन ‘टी’, नाशिकच्या शेवटी ‘सी-के’. कार्ल्याची लेणी कार्ली म्हणून सापडतात, आणि ‘के’ऐवजी ‘सी’ने सुरू होणारी जुनी रूपंही आहेत. कान्हेरीसाठी कधीकधी ‘साल्सेट’ टाकावं लागतं, कारण साहेबाने बेटाचं नाव लिहून ठेवलंय. आधी आजचं नाव टाका, मग ब्रिटिश काळातलं, मग जिल्ह्याचं, मग नुसतं ‘दख्खन’ किंवा ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’. प्रत्येक वेळी थोडे वेगळे निकाल येतात.

वस्तूच्या नावाचंही तसंच. आपल्या घरात ज्याला ‘रविवर्म्याचं चित्र’ किंवा ‘देवाची तसबीर’ म्हणतात, ते एका संग्रहालयात ‘ओलिओग्राफ’ असतं, दुसऱ्यात ‘क्रोमोलिथोग्राफ’, तिसऱ्यात नुसतं ‘प्रिंट’. रविवर्मा प्रेस मुंबईत सुरू झाला १८९४ साली आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्राच्या खालच्या समासात कधी मळवली, कधी कार्ला-लोणावळा असं छापलेलं असतं. नोंद करणाऱ्याने समोर जे दिसलं ते लिहिलं, त्यामुळे एकाच छापखान्याची चित्रं चार गावांच्या नावाने विखुरली आहेत. पुण्याच्या चित्रशाळेचं तर त्याहून अवघड. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली सुरू केलेला हा छापखाना. त्याची चित्रं लंडनच्या दोन मोठ्या संग्रहालयांत आहेत. ती शोधताना ‘चित्रशाळा’ जोडून लिहा, तोडून लिहा, शेवटचा ‘ए’ काढून लिहा, ‘पूना’बरोबर ‘स्टीम प्रेस’ लिहा. मी एकदा तासभर ‘पुणे’ टाकून रिकामा बसलो होतो. ‘पूना’ टाकल्यावर एका मिनिटात रांग लागली.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याला हवं तसं एक चित्र सापडलं की त्याची नोंद पूर्ण वाचा आणि त्यातले शब्द उचला. तंत्राला काय म्हटलंय, विषयाला काय म्हटलंय, गावाचं स्पेलिंग काय आहे, हे पाहून त्याच शब्दांनी पुन्हा शोधा. पहिली सापडलेली नोंद पुढच्या वीस नोंदींची किल्ली असते. अमेरिकेतल्या गेटी संस्थेने कलेच्या शब्दांचा एक मोठा कोश आणि कलाकारांच्या नावांची एक सूची फुकट ठेवली आहे. एका कलाकाराचं नाव किती प्रकारे लिहिलं जातं ते तिथे एकत्र मिळतं. रविवर्मा किंवा धुरंधर यांच्यासारख्या नावांना, ज्यांची स्पेलिंगं नाना तऱ्हांची, त्याचा चांगला उपयोग होतो.

कुठे काय मिळतं

न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ साली आपल्याकडच्या हक्कमुक्त (कॉपीराइट नसलेल्या) कलाकृतींचे फोटो कोणालाही, कशासाठीही वापरायला खुले केले. रविवर्मा प्रेसची चित्रंही त्यांच्याकडे आहेत. क्लीव्हलँडच्या संग्रहालयाने २०१९ साली तेच केलं, आणि मला विचाराल तर भारतीय चित्रांच्या अभ्यासकाने पहिली सवय क्लीव्हलँडची लावून घ्यावी. अकबराच्या काळातली तुतीनामा पोथी त्यांच्याकडे आहे, मोठ्या आकाराची फाइल उतरवता येते, आणि वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याचा इतिहास ते शक्य तितका उघडपणे लिहितात. चित्राच्या पाठीमागची बाजू दाखवलेली असली तर ती जरूर उघडा. लघुचित्रांच्या मागे मालकाचे शिक्के, हिशेबाचे आकडे, कधी देवनागरीत रागाचं नाव असतं. शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, स्मिथसोनियन आणि ॲमस्टरडॅमचं रायक्सम्युझियम हेही असेच मोकळ्या हाताचे. ब्रिटिश म्युझियमचे फोटो अभ्यासाला चालतात, पण धंद्यासाठी वापरायचे तर वेगळी परवानगी लागते.

बहुतेक कॅटलॉगमध्ये बाजूला गाळण्या असतात: फक्त फोटो असलेल्या वस्तू, फक्त हक्कमुक्त, अमुक शतक, अमुक प्रदेश. त्या वापरल्याशिवाय शोधू नये.

वस्तूच्या नंबराकडे मुलं ढुंकूनही पाहत नाहीत. तो नंबर म्हणजे वस्तूचा आधार क्रमांकच. मेट्रोपॉलिटनच्या नंबराचा पहिला आकडा वस्तू संग्रहात आली ते साल असतं. जुन्या वस्तूंना सालाचे शेवटचे दोनच आकडे, नव्यांना चार. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये साल सहसा शेवटी येतं. नंबर लिहून ठेवला की वेबसाइट बदलो, दुवा तुटो, ती वस्तू पुन्हा सापडते.

आपल्याकडे ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ हे सरकारी पोर्टल आहे. दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, मुंबई-दिल्ली-बंगळुरूच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनांचे संग्रह, कोलकात्याचं इंडियन म्युझियम, हैदराबादचं सालारजंग, शिवाय जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालय हे सगळं एका ठिकाणी शोधता येतं. त्याच्यामागची ‘जतन’ ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅकने बनवलेली आहे. ‘इंडियन कल्चर’ पोर्टल आयआयटी मुंबईच्या मदतीने उभं राहिलं, आणि तिथे दुर्मीळ पुस्तकं, चित्रं, अभिलेख असं मिश्र साहित्य मिळतं.

देवळं आणि लेणी यांच्या अभ्यासाला संग्रहालयं पुरत नाहीत, कारण देऊळ कोणी कपाटात ठेवत नाही. तिथे फोटोंचे संग्रह कामाला येतात. गुरुग्रामच्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने अनेक दशकं भारतभरच्या वास्तूंचे पद्धतशीर फोटो काढले. कोपऱ्यातला स्तंभ, दाराची चौकट, शिखराची एक बाजू असं तुकड्यातुकड्याने. पर्यटकाच्या फोटोत समोरची बाजू असते, अभ्यासकाला हवी असते मागची. अमेरिकेतल्या हंटिंग्टन दांपत्याचा फोटोसंग्रहही बौद्ध कलेसाठी असाच मोलाचा. शिकागो विद्यापीठाची डिजिटल साउथ एशिया लायब्ररी आपल्यापैकी अनेकांना मोल्सवर्थच्या मराठी कोशामुळे माहीत असते. तिथेच जुने फोटो आणि नकाशेही आहेत, पण कोश बघून लोक परत फिरतात.

आधुनिक चित्रकलेसाठी हाँगकाँगच्या एशिया आर्ट अर्काइव्हला पर्याय नाही. प्रदर्शनांचे कॅटलॉग, निमंत्रणपत्रिका, पत्रं, कात्रणं त्यांनी स्कॅन करून ठेवली आहेत. भारतातल्या कलाविषयक लेखनाची त्यांची जी सूची आहे, तिच्यात मराठी लेखनाच्या नोंदीही आहेत. मराठीत कलेवर काय लिहिलं गेलंय हे हाँगकाँगच्या सूचीत शोधावं लागावं याचं वाईट वाटतं, पण सूची झाली हेही खरं. बंगळुरूच्या ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’ अर्थात मॅप या संग्रहालयाचा भारतीय कलेचा इंग्रजी ज्ञानकोश आणि आपला मराठी विश्वकोश हे दोन्ही सुरुवातीच्या वाचनाला चांगले.

आर्टस्टोर या कलाचित्रांच्या संग्रहाचं नाव जुन्या मार्गदर्शिकांत सगळीकडे दिसतं. १ ऑगस्ट २०२४ पासून तो जेस्टोर या अभ्यासलेखांच्या ऑनलाइन संग्रहात सामावला आहे. बराचसा भाग महाविद्यालयाच्या वर्गणीवर चालतो, काही संग्रह सर्वांना खुले आहेत. जेस्टोरवर साधं फुकट खातं उघडलं की महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते चकित होतात.

आणि मग विकिमीडिया कॉमन्स. त्याला नाकं मुरडू नयेत. चित्रावर क्लिक करून खालची माहितीची चौकट उघडा आणि ‘स्रोत’ हा रकाना बघा. तिथे संग्रहालयाचा दुवा आणि नंबर असेल तर थेट तिकडे जा. तिथे कोणा खाजगी ब्लॉगचं नाव असेल किंवा काहीच नसेल तर ते चित्र पुराव्याला घेऊ नका. चित्रावरून चित्र शोधायची साधनंही अशीच वापरायची. त्यातल्या टिनआय या साधनात निकाल ‘सर्वांत जुना’ आणि ‘सर्वांत मोठा’ या क्रमाने लावता येतात. त्यातून प्रतिमा कुठून सुटली याचा माग लागतो. चित्रकार कोण, हे मात्र त्याला विचारू नका. दिवा घेतलेल्या बाईचं काय झालं ते आपण वर पाहिलं.

दोन चित्रं शेजारी

कॅटलॉगमध्ये कधीकधी लाल-निळ्या अक्षरांचं एक छोटं चिन्ह दिसतं. त्याला ट्रिपल आय एफ म्हणतात. ही फोटो देण्याघेण्याची एक समान पद्धत आहे. नेहमी आपण फोटोची एक आख्खी फाइल उतरवतो. या पद्धतीत संग्रहालय फोटो स्वतःकडेच ठेवतं आणि तुम्ही जेवढा भाग मोठा कराल तेवढाच तुकडा पाठवतं. त्यामुळे साध्या फोनवरही पापणीचा केस दिसेपर्यंत आत जाता येतं. दुसरा फायदा मोठा. सगळ्यांची पद्धत एक असल्यामुळे लंडनच्या संग्रहालयातलं एक चित्र आणि अमेरिकेतलं दुसरं, मिराडोर नावाच्या फुकट साधनात, एकाच पडद्यावर शेजारीशेजारी उघडता येतात. विखुरलेल्या रागमालेची, म्हणजे रागांवरच्या लघुचित्रांच्या मालिकेची, पानं अशी पुन्हा जवळ आणता येतात.

पण मोजमाप वाचायला विसरू नका. पडद्यावर सगळी चित्रं सारख्याच आकाराची दिसतात. रागमालेचं पान तळहातांत मावतं, अजिंठ्याच्या भिंतीपुढे उभं राहिलं तर मान वर करावी लागते. सेंटिमीटरचा आकडा वाचून, टेबलावर पट्टी ठेवून तेवढी चौकट खडूने आखून बघा. चित्राबद्दलचं अर्धं लिखाण तिथेच बदलतं.

छापायचं असेल तर

अभ्यासाच्या वहीत चित्र चिकटवणं वेगळं, पुस्तकात किंवा अंकात छापणं वेगळं. भारतात १९५७च्या कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली वारले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. हळदणकर वारले १९६८ साली, म्हणजे २०२८ संपेपर्यंत थांबायला हवं. वासुदेव गायतोंडे २००१ साली गेले, त्यांच्या चित्रांवर २०६१ अखेरपर्यंत हक्क आहे. चित्र विकत घेणाऱ्याकडे कॅनव्हास जातो, हक्क आपोआप जात नाही, हे अनेक प्रकाशकांनाही माहीत नसतं.

याखेरीज फोटो काढणाऱ्याचा हक्क वेगळा. अजिंठ्याच्या भिंतीवर कोणाचा हक्क नाही, पण तिच्या फोटोवर असू शकतो, आणि तो फोटो काढणाऱ्याच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणून संग्रहालयाने स्पष्टपणे ‘हक्कमुक्त’ लिहिलेला फोटो मिळाला तर तोच घ्यावा. खाली चित्रकार, शीर्षक, साल, संग्रहालय आणि नंबर एवढं लिहावं. हक्कमुक्त असलं तरी लिहावं. ते लिहिलं नाही की आणखी एक बेवारस चित्र बाजारात सुटतं.

उतरवलेल्या फाइलला नाव देताना आळस करू नका. संग्रहालय, नंबर, चित्रकार, एवढं फाइलच्या नावातच घाला आणि नोंदीच्या पानाची पीडीएफ शेजारी ठेवा. ऑक्टोबर २०२३मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि भारताविषयीची असंख्य जुनी चित्रं, फोटो आणि कॅटलॉग महिनोन्महिने बंद पडले. ज्यांच्याकडे नुसते दुवे होते त्यांचं काम थांबलं. ज्यांच्याकडे नंबर आणि प्रत होती त्यांचं चाललं.

अजून पुष्कळ काही ऑनलाइन नाही. सोळाव्या शतकातल्या अहमदनगर दरबाराची तारीफ-ए-हुसैनशाही ही सचित्र पोथी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. औंधच्या भवानी संग्रहालयात पंतप्रतिनिधींनी जमवलेली चित्रं आहेत. अशा ठिकाणी अर्ज करावा लागतो, जावं लागतं. परदेशी संग्रहालयांनाही ईमेल करता येतो. विषयात वस्तूचा नंबर लिहा, पत्रात एकच नेमका प्रश्न विचारा. असं लिहिलं की उत्तरं येतात, हा माझा अनुभव.

आमच्या गावच्या घरात देवघराच्या भिंतीवर रामपंचायतनाची एक तसबीर आहे. फ्रेम करणाऱ्याने कधीतरी काचेत बसावी म्हणून चारी बाजूंचे समास कापून टाकले, त्यामुळे छापखान्याचं नाव गेलं. घरात सगळे ती रविवर्म्याचीच म्हणायचे. गेल्या वर्षी मी एका संग्रहालयाच्या कॅटलॉगमध्ये ‘पूना’ टाकून पानं उलटत होतो आणि तीच आकृत्यांची रचना, तोच सिंहासनाचा कठडा, पायाशी बसलेल्या मारुतीची तीच मुद्रा समोर आली. त्या प्रतीचा समास शाबूत होता. खाली बारीक अक्षरांत चित्रशाळा, पुणे. मी नंबर उतरवून घेतला आणि एका चिठ्ठीवर लिहून तसबिरीच्या पाठीवर चिकटवला.